वेबसाइटच्या एखाद्या भागाला सर्व्हरवरूनच पासवर्ड लावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी उत्पादक कंपन्या, जिनिंग, पतसंस्था, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्यांकडून आलेले हे प्रश्न आहेत. वरुड-मोर्शीचा संत्रा पट्टा असो, हिंगणघाट असो की धारणी-अहेरी, परिस्थिती साधारण सारखीच असते. होस्टिंग वर्षाच्या भाड्याने घेतलेलं, इंटरनेट मोबाइल डेटावरचं, आणि वेबसाइट उघडणारा कास्तकार फोनवरून उघडणारा. उत्तरं हे सगळं धरूनच लिहिली आहेत. ती अपाचे २.४ आणि एनजिनएक्स या दोन सर्व्हरांसाठी आहेत.

निर्देश, फाइलींची नावं आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. सर्व्हरवर टाकताना त्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायच्या. 'ऑथटाइप' असं जोडून लिहिलं असेल तर तिथेही तो एकच शब्द, मध्ये जागा नाही.

१. वेबसाइटमध्ये लॉगिनचं पान आहेच. मग सर्व्हरवरून वेगळा पासवर्ड कशाला?

लॉगिनचं पान फक्त स्वतःच्या प्रोग्रामची पानं अडवतं. त्याच वेबसाइटवर पडलेली सभासदांची एक्सेल यादी किंवा ठरावाची पीडीएफ सरळ पत्ता टाकून उघडली, तर लॉगिनच्या पानाला पत्ताही लागत नाही. सर्व्हरचा पासवर्ड त्या फोल्डरखालच्या प्रत्येक गोष्टीला लागतो, फोटोपासून झिप फाइलपर्यंत.

ब्राउझर फाइल मागतो. सर्व्हर ४०१ हा कोड पाठवतो. त्यावर ब्राउझर स्वतःचा बॉक्स दाखवतो आणि भरलेलं नाव-पासवर्ड पुढच्या प्रत्येक मागणीसोबत पाठवत राहतो. यासाठी डेटाबेस लागत नाही, पीएचपी लागत नाही. संचालक मंडळ, कार्यालयातले कर्मचारी, शाळेतले शिक्षक अशा ठरावीक लोकांना एकच मजकूर दाखवायचा असेल तर हा उपाय उत्तम. प्रत्येक सभासदाला फक्त त्याचंच खातं दिसायला हवं असेल तर हा उपाय नाही (प्रश्न १६ पाहा).

२. आमच्याकडे सी-पॅनेल आहे. कमांड वगैरे येत नाही. कसं करायचं?

'डिरेक्टरी प्रायव्हसी' उघडा, फोल्डर निवडा, 'पासवर्ड प्रोटेक्ट धिस डिरेक्टरी' वर खूण करा, एक नाव द्या आणि सेव्ह करा. त्यानंतर त्याच ठिकाणी युजर तयार करायचा असतो. हीच पायरी पुष्कळ जणांकडून राहते. मग बॉक्स तर येतो, पण आत कुणालाच जाता येत नाही.

सी-पॅनेल यासाठी त्या फोल्डरमध्ये डॉट-एचटीअ‍ॅक्सेस ही फाइल लिहितं, आणि पासवर्ड पब्लिक-एचटीएमएलच्या (वेबसाइटच्या फाइली असतात त्या फोल्डरच्या) बाहेर ठेवतं. पुढे कुणी वेबसाइटची नवी झिप आणून तो फोल्डर पुसून पुन्हा टाकला, तर ही फाइलही जाते आणि फोल्डर उघडा पडतो. त्याची कसलीही सूचना येत नाही. म्हणून वेबसाइट बदलणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा आणि बदलानंतर प्रश्न ४ मधली तपासणी करा.

३. हाताने लिहायचं तर फाइलमध्ये काय टाकायचं?

अपाचेवर ज्या फोल्डरला कुलूप हवं त्यात डॉट-एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल आणि तिच्यात चार ओळी:

ऑथटाइप बेसिक
ऑथनेम "फक्त कार्यालयासाठी"
ऑथयूजरफाइल /होम/खात्याचं-नाव/पासवर्ड/डॉट-एचटीपासडब्ल्यूडी
रिक्वायर व्हॅलिड-यूजर

ऑथनेम प्रत्यक्षात इंग्रजीत ठेवा, कारण मराठी मजकूर काही ब्राउझरांत चौकोन-प्रश्नचिन्हं होऊन दिसतो आणि काही ब्राउझर तो दाखवतच नाहीत. तिसऱ्या ओळीतला पत्ता मुळापासून, म्हणजे तिरक्या रेघेपासून सुरू झाला पाहिजे. अर्धवट पत्ता दिला तर अपाचे तो तुमच्या फोल्डरपासून न मोजता स्वतःच्या मुख्य फोल्डरपासून मोजतो. पासवर्डची फाइल नेहमी पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर ठेवा.

नोटपॅडमध्ये फाइल बनवली तर ती शेवटी डॉट-टीएक्सटी लागून सेव्ह होते, आणि मग काहीच होत नाही. फाइल मॅनेजरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली दिसत नसतील तर सेटिंग्जमध्ये 'शो हिडन फाइल्स' चालू करा. ओळी व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून उचलल्या असतील तर अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात. ती खोडून साधी टाका, नाहीतर ५०० ची चूक येते.

४. कुलूप खरंच लागलं हे कसं तपासायचं?

ज्या ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून झाला आहे त्यात तपासून उपयोग नाही. तो पासवर्ड आपणहून पाठवत राहतो. इनकॉग्निटो खिडकी उघडा, किंवा कर्ल कमांड हायफन मोठा आय लावून चालवा. पहिल्या ओळीत ४०१ दिसलं पाहिजे.

आणि फक्त फोल्डरचा पत्ता तपासून थांबू नका. त्या फोल्डरमधली एक पीडीएफ, एक फोटो, एक पीएचपी फाइल, आतल्या फोल्डरमधली एक फाइल, हे सगळे पत्ते एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि एकदा न लावता पाहा. एचटीटीपीएसवर सगळीकडे ४०१ हवं. साध्या एचटीटीपीवर ३०१, म्हणजे एचटीटीपीएसकडे पाठवणी, हवं (का ते प्रश्न १० मध्ये). यातला एकही पत्ता २०० (म्हणजे फाइल उघडली) दाखवत असेल तर कुलूप अर्धवट आहे. कुलूप लावण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे. सर्व्हरचं कुलूप पत्त्याला लागतं, आणि एकाच फाइलीला अनेक पत्ते असू शकतात.

५. पासवर्डची फाइल कशी बनवायची? नवा माणूस टाकला की जुने सगळे जातात.

जुने जातात ते हायफन छोटा सी या पर्यायामुळे. तो नवी फाइल बनवतो आणि आधीची असेल तर पुसून टाकतो. तो फक्त पहिल्या वेळी वापरायचा. त्यानंतर प्रत्येक माणसासाठी: एचटीपासडब्ल्यूडी हायफन मोठा बी, मग फाइलचा पत्ता, मग युजरचं नाव. मोठ्या बीने पासवर्ड बीक्रिप्टने, म्हणजे मूळ पासवर्ड सहज परत काढता येऊ नये अशा पद्धतीने, साठवला जातो. छोटा बी अगदी वेगळा आहे. तो पासवर्ड कमांडमध्येच लिहायला लावतो आणि मग तो टर्मिनलच्या इतिहासात पडून राहतो. हायफन मोठा डी माणूस काढतो, छोटा व्ही पासवर्ड जुळतो का ते सांगतो. छोटा डी टाळा, त्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात.

ही कमांड उबंटू-डेबियनवर अपाचे२-युटिल्स या पॅकेजात, तर अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर एचटीटीपीडी-टूल्समध्ये मिळते. माणूस टाकल्या-काढल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही.

६. एकाच फाइलला, किंवा सगळ्यांपैकी दोघांनाच परवानगी द्यायची असेल तर?

एका फाइलसाठी रिक्वायरची ओळ 'फाइल्स'च्या उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या खुणांच्या जोडीत, फाइलचं नाव देऊन टाका. दोघांनाच परवानगी द्यायची तर व्हॅलिड-यूजरच्या जागी 'रिक्वायर यूजर' आणि पुढे दोन्ही नावं, मध्ये फक्त जागा सोडून. माणसं बदलत राहत असतील तर ऑथग्रुपफाइल लावून 'रिक्वायर ग्रुप' वापरणं सोयीचं पडतं.

७. फोल्डर बंद, पण त्याच्या आतला एक फोल्डर सगळ्यांना खुला ठेवता येतो का?

येतो. आतल्या फोल्डरच्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये 'रिक्वायर ऑल ग्रांटेड' ही एक ओळ टाका. आतली रिक्वायर बाहेरचीची जागा घेते. एनजिनएक्समध्ये त्या लोकेशनला (सेटिंगमधला त्या पत्त्यासाठीचा भाग) 'ऑथ-अंडरस्कोअर-बेसिक ऑफ'.

८. सगळं टाकलं, पण बॉक्सच येत नाही.

आधी सर्व्हर ती फाइल वाचतो का ते पाहा. एक रिकामा चाचणी फोल्डर करा, त्यात डॉट-एचटीअ‍ॅक्सेस टाका आणि तिच्यात एक निरर्थक शब्द लिहा. तो फोल्डर उघडताना ५०० आलं तर फाइल वाचली जाते. पान सुखरूप उघडलं तर वाचली जात नाही.

वाचली जात नसेल तर बहुधा अपाचेच्या मुख्य सेटिंगमध्ये 'अलाऊओव्हरराइड नन' आहे. अपाचे २.४ मध्ये मूळ सेटिंग तीच असते. स्वतःचा सर्व्हर असेल तर तिथे 'अलाऊओव्हरराइड ऑथकॉन्फिग' करा आणि अपाचे रीलोड करा. भाड्याचं होस्टिंग असेल तर कंपनीला हेच शब्द लिहून पाठवा. सर्व्हर एनजिनएक्स असेल तर तो ही फाइल कधीच वाचत नाही, तुम्ही काहीही लिहा (प्रश्न ११ पाहा).

फाइल वाचली जाते आणि तरीही फक्त जुने फोटो-पीडीएफ उघडतात, असं असेल तर बहुधा मध्ये सीडीएन (वेबसाइटच्या प्रती साठवून त्या आपल्या सर्व्हरवरून देणारी सेवा) आहे. कुलूप लावण्याआधीच्या प्रती त्याच्याकडे साठलेल्या असतात. त्याचा कॅश पुसा.

९. पासवर्ड बरोबर टाकतो, तरी पुन्हा पुन्हा तोच बॉक्स काहून येते? आणि कधी ५००, कधी ४०४?

बॉक्स पुन्हा येणं म्हणजे नाव किंवा पासवर्ड जुळला नाही. फोनवर याचं मुख्य कारण कीबोर्ड. तो नावाचं पहिलं अक्षर मोठं करतो आणि सुचवलेला शब्द निवडला की शेवटी एक जागा सोडतो. नाव आणि पासवर्ड दोन्हींत लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. म्हणून नावं छोट्या अक्षरांतच ठेवा आणि एकदा हाताने, सूचना न निवडता टाकून पाहायला सांगा. त्यानेही भागलं नाही तर सर्व्हरचा एरर लॉग उघडा. तिथे 'नॉट फाउंड' असेल तर ते नावच फाइलीत नाही (बहुतेक वेळा प्रश्न ५ मधला छोटा सी). 'पासवर्ड मिसमॅच' असेल तर पासवर्ड चुकतो आहे.

अपाचेमध्ये बॉक्स येतो, पासवर्ड टाकल्यावर ५०० येतं: पासवर्डच्या फाइलचा पत्ता चुकला आहे किंवा सर्व्हरला ती वाचायची परवानगी नाही. बॉक्स न येताच ५०० आलं तर डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये अक्षराची चूक आहे, किंवा ऑथकॉन्फिगची परवानगी दिलेली नाही. एनजिनएक्स वेगळा वागतो. तिथे पासवर्डची फाइल सापडली नाही तर पासवर्ड टाकल्यावर ४०३ येतं, आणि फाइल आहे पण वाचता येत नाही तर ५००.

४०४ हा वर्डप्रेसवाल्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. ४०१ साठी होस्टिंगने ठरवलेलं, चूक दाखवणारं पान तिथे नसतं, मग वर्डप्रेस ती मागणी स्वतःकडे ओढून 'पान सापडलं नाही' म्हणतं. मुख्य डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये 'एररडॉक्युमेंट ४०१ डीफॉल्ट' ही ओळ टाका.

१०. पासवर्ड दोनदा विचारतो. चालतं, पण त्रास होतो. काही धोका आहे का?

धोका आहे, आणि तो त्रासापेक्षा मोठा आहे. बेसिक पद्धतीत नाव-पासवर्ड बेस६४ मध्ये पाठवले जातात. ते गुप्त लेखन नाही, कुणीही क्षणात उलगडू शकतं. म्हणून एचटीटीपीएस नसेल तर हे कुलूप लावूच नका.

दोनदा विचारण्याचं कारण असं. डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमधले रीराइटचे नियम अपाचे पासवर्ड तपासल्यानंतर चालवतो. कुणी साध्या एचटीटीपीने आला तर आधी तिथेच बॉक्स येतो, पासवर्ड उघडा जातो, मग एचटीटीपीएसकडे पाठवणी होते आणि तिथे पुन्हा बॉक्स. उपाय म्हणजे ही पाठवणी वरच्या पातळीवर करायची. स्वतःचा सर्व्हर असेल तर पोर्ट ८० च्या व्हर्च्युअल होस्टमध्ये फक्त 'रीडायरेक्ट परमनंट' ठेवा, बाकी काही नको. सी-पॅनेलमध्ये 'डोमेन्स'खाली 'फोर्स एचटीटीपीएस रीडायरेक्ट' आहे, ते चालू करा. मग साध्या पत्त्यावर कर्लने ३०१ दिसतं का ते पाहा. ४०१ दिसलं तर धोका कायम आहे.

एचटीटीपीएसवरच दोनदा विचारत असेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा आणि त्याविनाचा असे दोन पत्ते मिसळले आहेत. ब्राउझरसाठी त्या दोन वेगळ्या जागा आहेत. सगळ्या लिंक एकाच पत्त्याने द्या.

११. एनजिनएक्समध्ये कसं करायचं? केलं, पण पीएचपीची पानं तरीही उघडतात.

लोकेशनच्या आत दोन ओळी लागतात: ऑथ-अंडरस्कोअर-बेसिक आणि पुढे अवतरणात एक नाव, मग ऑथ-बेसिक-यूजर-फाइल (मधली तिन्ही चिन्हं अंडरस्कोअर) आणि फाइलचा पूर्ण पत्ता. दोन्ही ओळींच्या शेवटी अर्धविराम. एनजिनएक्स हायफन टी ने तपासा, मग रीलोड.

पीएचपी उघडी राहते ती या कारणाने: बहुतेक सेटिंगमध्ये 'डॉट-पीएचपीने संपणारा कोणताही पत्ता' असं एक रेगेक्सचं (पत्त्याचा नमुना जुळवून पाहणारं) लोकेशन खाली असतं. एनजिनएक्स एका मागणीसाठी एकच लोकेशन निवडतो, आणि साध्या लोकेशनपेक्षा रेगेक्सचं लोकेशन जिंकतं. म्हणजे तुमच्या बंद फोल्डरमधली पीएचपी फाइल त्या दुसऱ्या लोकेशनकडे जाते, जिथे कुलूपच नाही. फोटो आणि पीडीएफ लवकर उघडावेत म्हणून कुणी त्यांच्यासाठी रेगेक्स लोकेशन लिहिलेलं असेल तर त्या फाइलीही अशाच निसटतात. धोक्याची गोष्ट ही की फोल्डर उघडून पाहिलं तर बॉक्स व्यवस्थित येतो.

उपाय: तुमच्या लोकेशनच्या पत्त्याआधी ^~ ही खूण लावा. मग त्या फोल्डरसाठी बाहेरचे रेगेक्स बघितले जात नाहीत. पण तेवढ्यावर सोडू नका. आता त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालवणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे प्रोग्रामचा मजकूर, त्यातल्या डेटाबेसच्या पासवर्डसकट, जसाच्या तसा डाउनलोड होतो. म्हणून पीएचपीचं लोकेशन या लोकेशनच्या आत पुन्हा लिहा. आतलं लोकेशन बाहेरचं कुलूप आपोआप घेतं.

आणखी एक: कुलूप लावलेल्या लोकेशनमध्ये 'रिटर्न' लिहिलं असेल तर ते पासवर्डच्या आधी चालतं. म्हणून 'रिटर्न'ने काही मजकूर देऊन चाचणी केली तर कुलूप लागलंच नाही असं वाटतं.

१२. वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिनला कुलूप लावलं आणि साइटवरचा फॉर्म बंद पडला.

डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनमध्ये अ‍ॅडमिन-एजॅक्स डॉट पीएचपी ही फाइल असते, आणि साइटवरचे बरेच फॉर्म-प्लगिन तिला साध्या वाचकासाठीही बोलावतात. 'फाइल्स'च्या जोडीत तिच्यासाठी 'रिक्वायर ऑल ग्रांटेड' लिहा. लॉगिनची डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी ही फाइल या फोल्डरमध्ये नसून बाहेर मुळाशी असते, तिला वेगळं कुलूप लागेल (प्रश्न ६).

वर्डप्रेसच्या स्वतःच्या 'पासवर्ड प्रोटेक्टेड' पानावर विसंबून पीडीएफ टाकू नका. पान बंद राहतं, पण अपलोड्समधली पीडीएफ तिच्या थेट पत्त्यावर कुणालाही मिळते.

१३. पूर्ण साइटला पासवर्ड लावल्यापासून एसएसएल नव्याने मिळेना.

लेट्स एन्क्रिप्टसारखी एसएसएलचं प्रमाणपत्र देणारी संस्था एचटीटीपीने पडताळणी करते तेव्हा डॉट-वेल-नोन खालच्या अ‍ॅक्मी-चॅलेंज या फोल्डरमधली फाइल वाचून पाहते. तिला ४०१ मिळालं की नूतनीकरण फसतं, आणि ते काही आठवड्यांनी, प्रमाणपत्र संपल्यावरच लक्षात येतं. तो एक फोल्डर प्रश्न ७ प्रमाणे खुला ठेवा. त्यात गुप्त काहीच नसतं.

१४. कार्यालयातून उघडलं तर पासवर्ड नको, बाहेरून हवा. जमेल का?

कार्यालयात स्थिर आयपीचं ब्रॉडबँड असेल तर जमेल. अपाचेमध्ये 'रिक्वायरएनी'च्या आत 'रिक्वायर आयपी' आणि 'रिक्वायर व्हॅलिड-यूजर' या दोन ओळी. एनजिनएक्समध्ये 'सॅटिस्फाय एनी', तुमच्या आयपीसाठी 'अलाऊ', आणि शेवटी 'डिनाय ऑल'. जोडणी आयपी व्ही६ वरही चालत असेल तर तोही पत्ता टाका, नाहीतर कधी बॉक्स येईल, कधी नाही.

कार्यालय डोंगलवर किंवा मोबाइल डेटावर चालत असेल तर हे करू नका. तिथला आयपी बदलत राहतो आणि एकाच आयपीमागे कितीतरी अनोळखी ग्राहक असतात. त्या सगळ्यांना तुम्ही दार उघडून द्याल. साइट सीडीएनमागे असेल तरीही थांबा. सर्व्हरला तिथे सीडीएनचाच आयपी दिसतो. आधी खरा आयपी दाखवणारं मॉड्यूल नीट बसवावं लागतं.

१५. मराठीत पासवर्ड ठेवला तर चालेल का? आणि लॉगआउट कुठे आहे?

मराठी पासवर्ड ठेवू नका. ब्राउझर तो कोणत्या एन्कोडिंगमध्ये पाठवेल याचा भरवसा नसतो, आणि दोन कीबोर्डांवर सारखं दिसणारं जोडाक्षर आतून वेगळं असू शकतं. शिवाय बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच मोजतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. नावात विसर्गासारखं दिसणारं कोलन चिन्ह तर मुळीच चालत नाही.

लॉगआउट या पद्धतीत नाहीच. ब्राउझर पूर्ण बंद केला की विसरतो. सेवा केंद्रातल्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर इनकॉग्निटोमध्येच उघडा आणि 'पासवर्ड सेव्ह करू का' याला नाही म्हणा.

१६. सभासदांच्या बँक खात्यांची यादी या कुलपामागे ठेवली तर पुरे आहे का?

नाही. इथे चुकीच्या पासवर्डांवर कसलीही मर्यादा नसते. स्वतःच्या सर्व्हरवर फेल२बॅन बसवून ती आणता येते, भाड्याच्या होस्टिंगवर बहुधा नाही. आत आलेल्याला सगळ्यांचंच दिसतं. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने अशी माहिती ठेवणाऱ्यावर ती जपण्यासाठी वाजवी उपाय करण्याची जबाबदारी टाकली आहे. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक वेबसाइटवर ठेवूच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. बैठकीची टिपणं, भावपत्रक, मालाच्या आवकीच्या नोंदी यांना हे कुलूप पुरतं.

१७. सगळ्यांना एकच पासवर्ड ग्रुपवर टाकला तर काय बिघडतं?

ग्रुप सोडून गेलेल्या माणसाकडे तो राहतो, आणि बदलायचा म्हटलं तर सगळ्यांचाच बदलावा लागतो. प्रत्येकाला वेगळं नाव द्या. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये आयपीनंतरच्या दुसऱ्या जागी ते नाव नोंदलं जातं, त्यामुळे कोणी काय उघडलं हे कळतं. नाव-पासवर्ड पत्त्यातच घालून बनवलेली लिंक पाठवू नका. ती पुढे जाते तशी पासवर्डही जातो.

१८. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये फोल्डर टाकला आहे. तेवढ्याने भागतं ना?

नाही. ती फाइल फक्त शोधयंत्रांना केलेली विनंती आहे, आणि ती कुणालाही वाचता येते. उलट लपवायच्या फोल्डरचं नाव तिथे जाहीर होतं. पासवर्ड लावला की गूगललाही ४०१ मिळतं, तिथे त्या फोल्डरचं नाव वेगळं लिहायची गरज उरत नाही.

१९. पासवर्ड लावल्यापासून फोटोंचं पान फार हळू उघडतं.

पासवर्ड प्रत्येक मागणीसोबत तपासला जातो. पानावर ४० फोटो असतील तर ४० वेळा. बीक्रिप्टची कॉस्ट (हायफन मोठा सी) १२-१३ अशी वाढवलेली असेल तर लहान सर्व्हर यातच दमतो. कॉस्ट एकाने वाढवली की काम दुप्पट होतं. मूळ कॉस्ट ५ आहे. ७-८ वर ठेवा आणि पासवर्ड लांब घ्या.

२०. एका जुन्या उदाहरणात चार ओळींभोवती 'लिमिट गेट पोस्ट' आहे. ठेवायचं का?

काढा. त्याने फक्त त्या दोन प्रकारच्या मागण्यांना कुलूप लागतं, बाकीच्या प्रकारांनी आलेल्या मागण्या मोकळ्या राहतात. त्याच उदाहरणात 'ऑर्डर', 'डिनाय फ्रॉम', 'सॅटिस्फाय' असे शब्द असतील तर ते अपाचे २.२ च्या काळातलं आहे. ते २.४ च्या रिक्वायरसोबत मिसळू नका, कोणता नियम लागू झाला हे सांगणं अवघड होतं.

२१. मोबाइल अ‍ॅपसाठीची एपीआय त्याच फोल्डरमध्ये आहे. कुलूप लावल्यावर अ‍ॅप चालेना.

अ‍ॅप आपला टोकन ऑथोरायझेशन याच हेडरमधून पाठवत असेल तर एका मागणीत दोन्ही बसत नाहीत. टोकन पाठवला तर सर्व्हरचा पासवर्ड जात नाही, पासवर्ड पाठवला तर टोकन जात नाही. एपीआय वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि तिची राखण टोकनवरच ठेवा. तिथेही अ‍ॅपला टोकन मिळत नसेल आणि पीएचपी सीजीआय किंवा एफपीएमवर चालत असेल, तर अपाचे ते हेडर पुढे देत नाही. २.४.१३ पासून 'सीजीआयपासऑथ ऑन' या ओळीने ते पुढे जातं.